पत्ता दोघींच्या नावावर

प्रिय टिटवी,

कितीतरी वर्षांनी तुला हाताने पत्र लिहितेय, अक्षराला हसू नकोस. बोटांना आता फक्त कीबोर्डची सवय राहिली आहे, आणि तीही एसीच्या गारठ्याने आखडलेली असतात. बाहेर लोक घामाने निथळत असले तरी मी स्वेटर घालून सासूबाईंच्या पायाशी बसलेली असते. हो, सर्व्हरला तू ठेवलेलं नाव टिकलंय. सतत कुरकुर, सगळं वेळच्या वेळी हवं, आणि केलेल्याचं कौतुक म्हणून नाही. आमचे हे म्हणतात, "माझ्या आईला तू कधी एवढी घाबरली नाहीस."

आठवतं, संस्थेच्या हिशेब विभागाने भंगारात काढलेलं ते यंत्र आपण जिन्याखालच्या खोलीत ओढत नेलं होतं? ते तुझ्या पायावर पडलं आणि तू अशी कोकललीस की वरच्या वर्गातून सर धावत आले. तेव्हापासून तू टिटवी. आणि मी तेवढ्यात गुपचूप एकेक डिस्क आत नेऊन ठेवत होते, म्हणून मी मुंगी. जगभरच्या लोकांनी लिहून फुकट दिलेलं सॉफ्टवेअर, पण आपल्याकडे ते उतरवता उतरवता जीव जायचा. एकच फाइल वर्गातला प्रत्येक जण समुद्रापलीकडून ओढणार, ती अर्ध्यात तुटणार, पुन्हा पहिल्यापासून. तू म्हणालीस, "एकदाच आणू, इथे ठेवू, ज्याला हवं त्याने न्यावं." एवढीच आपली योजना. असल्या प्रतींच्या साठ्याला मिरर म्हणतात, हेही आपल्याला मागाहून कळलं. कुणा अनोळखी माणसाने आपल्या मिररवरून पहिली फाइल नेली, तेव्हा पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बोट दाखवून तू नाचली होतीस.

मग तू लांब निघून गेलीस आणि मी इथेच संस्थेत राहिले. यात रुसवा नाही गं. कुणीतरी जायचंच होतं. पण नाचायचं असतं ते पहिल्या दिवशी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे उरतं ते घासणं-पुसणं. डिस्क मरतात, त्या बदलायच्या. मूळ ठिकाणाहून नवं काही आलं की आपली प्रत ताजी करायची, ती मध्येच अडकली की सोडवायची. आपण मागे पडलो तर तिकडून तंबी येते, आणि बरोबर चाललो तर चिटपाखरूही फिरकत नाही. बहिणीच्या लग्नात मी मांडवामागे लॅपटॉप उघडून बसले होते. सगळ्यांना वाटलं, मला रडू येतंय.

आता खरी बातमी. मध्यंतरी समुद्राखालची केबल तुटली. बाहेरच्या जगाकडे जाणारी लाइन करंगळीएवढी झाली. साधं पान उघडायचं तरी वाट बघत बसायचं. नेमकं त्याच आठवड्यात इथल्या सरकारी दवाखान्याच्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरला. तिथलं कॉम्प्युटरचं काम बघणारी बाई आमच्या दारात आली, ती धापा टाकतच. सगळी यंत्रं पुसून नव्याने उभी करायची होती, आणि बाहेरून तर काहीच येत नव्हतं. तिला लागणारं सगळं आपल्याकडे होतं, टिटवी. अगदी सगळं. पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसून, माझा दुसरा स्वेटर अंगात घालून ती डिस्क भरत राहिली. दोन दिवस मीही तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. प्रयोगशाळेपुढची रांग हलायला लागली, लोकांच्या हातात रिपोर्ट पडायला लागले, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "ताई, मला वाटायचं हे आपोआप चालतं. कोण चालवतं हे?"

मी म्हटलं, "मी."

"आणि?"

 

झाल्या गोष्टीचा गाजावाजा झाला. संस्थेच्या संचालकांनी बोलावून घेतलं. "म्हणजे आपण दुसऱ्यांच्या वस्तू फुकट वाटतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्या वाटण्यासाठीच आहेत, सर." मग कळलं की एका कंपनीला आपला मिरर हवाय. सॉफ्टवेअर काय, ते कुणीही ठेवू शकतं. त्यांना हवाय तो त्याचा इंटरनेटवरचा पत्ता. इथल्या शाळा, कचेऱ्या, दवाखाने, सगळ्यांच्या यंत्रांत आपलाच पत्ता घातलेला आहे ना! पुढे त्याच पत्त्यावर नाव द्या, फोन नंबर द्या, मगच फाइल मिळेल. संचालक वाईट माणूस नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "तुमचाही भार हलका होईल." तेच मला लागलं, कारण ते खरं होतं. मी दमलेय गं. पाठ दुखते, कुठे जाता येत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं. घरी हेही म्हणाले, "दे आता सोडून." दुसऱ्या दिवशी मी संमतीच्या कागदावर सही करून आले. घरी येऊन झोपले, आणि जागी झाले तेव्हा आणखीच दमलेली होते.

ईमेल न करता हे पत्र का, ते आता सांगते. माझं ईमेल संस्थेचं आहे, तिथे हे लिहिता येत नाही. आपण तो पत्ता घेतला तेव्हा दोघींच्या नावावर घेतला होता, आठवतं? माझ्या एकटीच्या सहीने तो कुणाला देता येत नाही. लवकरच कंपनीकडून तुझ्याकडेही कागद येतील, आणि तू चटकन सही करावीस म्हणून मी तुला चार शब्द लिहावेत, असं मला सांगितलंय. हेच ते चार शब्द : टिटवी, सही करू नकोस. दवाखान्यातली ती बाई आणि तिच्या ओळखीची दोन माणसं आळीपाळीने काम बघायला तयार आहेत. सासूबाईंना ठेवायला दवाखान्यात एक रिकामी खोलीही आहे. त्या बाईला मी शिकवायला सुरुवात केलीय. मी सुटणार आहे, ती काळजी करू नकोस. फक्त मला असं विकून सुटायचं नाही. समोर बसून नाही म्हणायला माझ्यात त्राण नव्हतं. तू लांब आहेस आणि तुझा आवाज अजून मोठा आहे. माझ्या वाटचं "नाही" तू म्हण, एकदाच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझीच,
मुंगी