रिकामा पाच

राजापेठ, अमरावती

प्रिय प्रीतम,

सहा वर्षांत तू बहिणीचा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

अकोल्याच्या त्या कॉलेजचा सर्व्हर भंगारात निघाला आणि फिरत फिरत आपल्याच कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात आला. तोच, ज्याच्यापायी तू दुकान आणि घर दोन्ही सोडलंस. झाकण उघडलं तर स्लॉटच्या पट्ट्यांवर तुझ्या अक्षरातले आकडे अजून तसेच. बिघडलेलं कार्ड कोणत्या स्लॉटात आहे ते यंत्र सांगत नाही, कोणत्या बसवर, म्हणजे आतल्या कितव्या वाटेवर आहे तेवढंच सांगतं. म्हणून तू प्रत्येक स्लॉटवर बस नंबर लिहायचास आणि मी तुला कारकून म्हणून चिडवायची.

सगळी कार्डं काढून मी तो सुरू केला. यंत्र वाटा मोजत गेलं: तीन, चार, सहा, सात. पाच नाही. मधे एखादं कार्ड स्वतःसाठी नंबर धरून बसलं तरच असं होतं, आणि स्लॉट तर सगळे रिकामे होते. जुनी नोंद पुसली जावी म्हणून बॅटरी काढून दोन दिवस तसाच ठेवला. पुन्हा तेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी भरदुपारी घरी पळाले आणि कपाटातून, साड्यांखालून, ते चार तोंडांचं, एकदम चार केबली लागणारं नेटवर्कचं कार्ड काढलं. सहा वर्षं त्याला वीज लागलेली नाही. ते गरम होतं. चालत्या यंत्रातून आत्ताच काढावं तसं गरम. मी घाबरून ते पलंगावर टाकून दिलं.

ते कार्ड मी बसवलं होतं, प्रीतम. तो घोटाळा झाला त्याच्या आदल्या दिवशी, तू मोझरीला गेला होतास तेव्हा. ते स्वतःला एक नंबर घेतं आणि पुढचे सगळे एकेकाने सरकतात, हे मला ठाऊक होतं. पट्ट्या बदलायचा आळस केला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सहा नंबरचं कार्ड बिघडल्याचं आलं. तू पट्टीवरचा सहा बघून चालू यंत्रातून कार्ड ओढलंस, ते निघालं चांगलं चाललेलं, डिस्कचं. पोरांचे अकरा वर्षांचे निकाल गेले. बाबा तुला सगळ्यांदेखत नालायक म्हणाले. मी माझं कार्ड गुपचूप काढून पर्समध्ये टाकलं आणि मिठाची गुळणी धरली.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. मग म्हणाले, "मले ठाव हाय. जातानी प्रीतमनंच सांगतलं, तुले कार्ड काढतानी पाह्यलं होतं त्यानं. ताईचं नाव नोको काढू, तिचं लगन जमून राहिलं, म्हणे." मी विचारलं, मग तुम्ही मला बोलले काहून नाही? तर म्हणाले, "तू कवा सांगते, तेच पाहून राहिलो."

ते लग्न जमलंच नाही, आणि तू मात्र तिकडे अकोल्यातच राहिलास. मी चुकले, प्रीतम. ही माफी मागायलाच लिहायला बसले. कार्ड समोर टेबलावर आहे, अजून गरमच आहे, आणि सर्व्हर अजून पाच सोडूनच मोजतो. मला एकटीला त्याला पुन्हा हात लावायची भीती वाटते. अकोल्याहून दोन तासांची तर वाट. तू ये आणि ते कार्ड तुझ्या हाताने बसव. पट्ट्या या वेळी मी बदलते, तुझ्यासमोर.

तुझीच,
संध्याताई