खंडेनवमीचा पाना

अण्णा, मंगळवारी सकाळी देवपूजा उरकून मी लवकर हँगरवर गेलो आणि फळ्यावर तीन आकृत्या काढल्या. विमान अपघाताचं कारण शोधायच्या तीन पद्धती. तुम्ही फोरमन होतात तेव्हा असलं काही नव्हतं, तुमची नजर पुरायची. आता चौकशी माझ्याकडे असते.

झालं असं, की उड्डाणाआधी जमिनीवरच्या चाचणीत वैमानिकाची दांडी मागे येईना. उघडून पाहिलं तर शेपटीत एक पाना अडकलेला. विमान हवेत असतं तर दोघेही वैमानिक गेले असते. त्या दिवशी हत्यारं मोजून सही करणारा मेकॅनिक सातपूरला राहतो, दोन लहान मुली आहेत. त्याला काढायचं जवळपास ठरलंय. तो एवढंच म्हणतो, "सर, हत्यारांचा बोर्ड भरलेला होता. भरलेल्या बोर्डावर मी काय शोधू?"

पहिली पद्धत साखळीची. एकेक कडी मागे जायचं; ती त्याच्या सहीपाशी थांबते, आणि वरच्यांना तीच आवडलीय. दुसरीत एकामागे एक भिंती, प्रत्येकीला भोक. भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार येतो. तिच्यात तपासनीसही सापडतो, घाईही. तिसरी मात्र विचारते, चुकणाऱ्याला त्या क्षणी ते बरोबर का वाटलं? दोन दिवस मी याच प्रश्नापाशी अडून होतो.

आठवतं, मी नवीन आहे, खंडेनवमीला तुम्ही बोर्डावरची हत्यारं उतरवून पाटावर मांडताय. माझ्या हातून कुंकू सांडतं, तुम्ही रागावता, मग हसता. "वर्षभर राबतात ती. एक दिवस फुलं पाहू दे त्यांना." त्या दिवशी काम बंद असायचं. तुमच्यामागे ही पूजा मी चुकवली नाही. यंदा काम घाईचं होतं, बंद ठेवता येईना, म्हणून पूजेला उतरवलेल्या हत्यारांच्या रिकाम्या जागांवर मीच जादाचे पाने लावले. मूळचा एक तेव्हा शेपटीतच राहिला होता, पण बोर्ड भरलेला दिसल्यामुळे तो कमी आहे हे कळलंच नाही.

हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "पूजेचं कशाला मध्ये आणता? देवावर ढकलल्यासारखं दिसेल."

काल तिसऱ्या पद्धतीने अहवाल दिला. बोर्ड कोणी भरला, तिथे माझं नाव लिहिलं. पुढल्या वर्षी पूजा होईल, हत्यारं बोर्डावरच राहतील, तेही लिहिलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगतो. पूजेला हत्यारं उतरवायची प्रथा कोणी पाडली, असा अहवालात एक प्रश्न होता. तिथे मी 'माहीत नाही' लिहिलं.