आई पडवीत बसली आहे

प्रिय दीपाली,

पत्र बघून दचकशील. फोन का नाही केला, म्हणशील. आपल्याकडे रेंज मिळते ती फक्त पडवीत, आणि पडवीत सध्या दिवसभर तुझी आई असते. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मागे फणसाखाली बसून लिहितो आहे. काजूची बोंडं पडून कुजलीत, त्यांचा आंबूस वास सुटलाय. इथेच तू माझ्याकडून कविता चालीवर म्हणून घ्यायचीस आणि चाल चुकली की ‘गुरुजी, परत!’ म्हणून मलाच दटावायचीस. निवृत्तीने माझी शाळा सुटली, कविता नाही सुटल्या. पण हल्ली पहिल्या ओळीपुढे जाता येत नाही.

भांडणानंतर आईने तुझं नाव टाकलं, असं तुला वाटत असेल. शेजारची जनी मुद्दाम डिवचायची, ‘काय गो, तुझी लेक मिरजोळ्याला करते तरी काय?’ तेव्हा ही ताठ व्हायची. ‘पाळी जाताना बायकांचा जीव नकोसा होतो ना, त्याची आणि पाळीची सगळी औषधं करतात तिथे. माझी दीपी तपासते, मग गोळी बाहेर पडते. तुझा झील काय तपासतो? पत्ते?’

हिची स्वतःची पाळी थांबली तेव्हा ऐन थंडीत पदराने वारा घेत बसायची, पण खूश होती. आता गौर आपल्याच हातांनी आणायची! किती वर्षं नेमके सणाचेच दिवस अडायचे, तुझी काकू पाणवठ्यावरून वाजतगाजत तेरडा आणायची आणि ही पडवीतून बघायची. त्यानंतर दरवर्षी तीच आणू लागली. काय तेज यायचं चेहऱ्यावर! म्हणूनच तू त्या गणपतीत ‘मी बाहेर बसणार नाही’ म्हणालीस ते तिला इतकं लागलं. ‘मी जन्मभर बसले, तुला चार दिवस जड झाले? मग सणाला येऊ नको.’ तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस ती गेलीसच.

गेल्या श्रावणात तिला पुन्हा लाल दिसलं. मला नाही, कुणालाच बोलली नाही. पाळीच परत आली असं तिने धरलं. आता पुन्हा गौर हातची जाणार म्हणून राजापूरच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. पूजेच्या दिवसांत सगळ्याच बायका घेतात, तशा. लाल थांबलं, गौर आली. दिवाळीत पुन्हा तेच. शिमग्यात पालखी दारात आली, ओटी भरायला ही वाकली आणि तिथेच कोसळली. लुगडं भिजलेलं. सगळ्या गावासमोर.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी काय घेत होता विचारलं, तर पदराच्या गाठीतून पाकीट काढलं. म्हणाली, ‘माझ्या लेकीच्या कंपनीच्या आहेत. वाईट कशा असतील?’ दोष गोळीचा नाही, असं बाई म्हणाल्या. रक्त थांबलं, म्हणून खालचं दुखणं झाकलं गेलं, इतकंच. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर लाल दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं असतं, हे तुला माहीत असणार. आमच्या चुलीपर्यंत ते आलं नाही.

गर्भाशयाचा कॅन्सर आहे. लगेच पिशवी काढली तर आशा आहे, म्हणतात. येत्या सोमवारी कोल्हापूरला दाखल व्हायचं ठरलंय. ती येत नाही. विटाळात देवीला हात लावला, देवीने शिक्षा दिली, ती भोगायची, एवढं एकच वाक्य. निदान कळलं त्या दिवसापासून पडवीत बसली आहे. वेगळं ताट, वेगळी गोधडी. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. मी बाजूला बसलो की ‘पुरुषमाणसाने इथे बसू नये’ म्हणून सरकते. रोज थोडी आणखी सरकते, आणि पडवी ती केवढी!

तू ये. तिला समजवायला नको येऊस. समजावणं माझं, डॉक्टरांचं, सगळ्यांचं करून झालं. ज्या पडवीत बसायला तू नाही म्हणालीस, त्याच पडवीत येऊन तिच्या गोधडीवर बस. तिच्या ताटातला घास उचलून खा. तुला ती दूर सर म्हणणार नाही, असं वाटतं मला. मग तुझा हात धरून उठली, तर सोमवारची गाडी मी अंगणातच उभी ठेवलेली असेल.

वाट पाहत फणसाखाली बसलेला,
तुझाच बाबा