रॅमच्या खाचेतलं कुंकू

सर, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण सकाळी तुमचं मशीन अडकलं. राजुरीच्या तुमच्या घरी पुढच्या खोलीत ते अजून तिथंच आहे. मागं काकू राहतात, आणि दहावीला दोनदा बसूनही पास न झालेला मी त्यावर लोकांचे फॉर्म भरून देतो. चालू केलं की कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथंच थिजतं. रिसेट दाबलं तरी त्याच ठिकाणी. सात वेळा केलं. प्रत्येक वेळी आतून आवाज आला. टक्, थोडं थांबून टक्. बोलण्याआधी तुम्ही घसा साफ करायचात, तसा.

समोर पिंपरी पेंढारची मुलगी बसली होती. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. तिच्या दाखल्याची प्रत या मशीनमध्ये, मूळ दाखला वडिलांच्या पिशवीत, आणि वडील मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला. फोन लागत नाही. फॉर्म गेला नाही तर तिचं कॉलेज सुटणार होतं. "दादा, आत कुणीतरी खोकतंय," ती म्हणाली. चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. "नका उठवू रं त्यांना. लई दमल्यात," म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

"एका येळी एकच गोष्ट काढायची. दोन काढल्या तर चोर कोण, ते कळनार कसं?" पहिल्याच महिन्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर सुनावलंत आणि संध्याकाळी तुमचा मऊ ब्रश माझ्या हातात दिलात. आजही मी तसंच करतो. आधी प्रिंटर काढतो, वहीत लिहितो, चालू करतो. अडकतं. मग माउस. अडकतं. मग पत्रा उघडून आतली छोटी बॅटरी काढून बसवतो. तरी अडकतं. दसऱ्याला मशीनची पूजा करताना तुम्ही कुंकवाचं बोट आतल्या बाजूला लावायचात, बाहेरचं पुसलं जातं म्हणून. यंदा पहिल्यांदाच मी तसं केलं, आणि चिमूट मोठी झाली. सांडलेलं कुंकू रॅमच्या खाचेत बसलं होतं. चूक माझीच. पण आत कुंकवाची बोटं दोन होती. माझ्या शेजारचं तुमचं. इतक्या वर्षांत ते काळं पडायला हवं होतं. दोन्ही सारखीच लाल होती. मी त्यांना हात लावला नाही.

खाच ब्रशनं झाडली, रॅमची पट्टी खोडरबरनं घासली, आणि मशीन सुरू झालं. बॅटरी काढल्यामुळं घड्याळ मात्र मागं गेलं होतं, तुम्ही हे मशीन आणलंत त्या वर्षावर. तारीख चुकीची असली की फॉर्मची साइट उघडत नाही, म्हणून एकेक वर्ष पुढं न्यावं लागलं. पावणेचारला फॉर्म गेला. पावती घेऊन मुलगी धावतच एसटीला गेली.

एक सांगायचं राहिलं. हे वहीतच राहणार आहे, म्हणून लिहितो. वर्षं पुढं नेताना, तुम्ही गेलात त्या आकड्यावर माझं बोट थांबलं. अजून एकदा दाबलं की मागच्या तुमच्या खुर्चीत तुम्ही नसणार, असं वाटलं. वळून बघायचा धीर झाला नाही. किती वेळ गेला, वहीत नोंद नाही. "दादा, परत हँग झालं का?" मुलीनं विचारलं.

मशीन व्यवस्थित चालू होतं, सर. मी "हो" म्हणालो.