दारात अडलेलं कपाट

बाबा, नमस्कार. रंधा बाजूला ठेवा आणि हे वाचा.

माझ्या हाताचा फोड सुकलाय म्हणून आईला सांगा. प्रयोगशाळेतल्या भट्टीला हात लागून आला ते सांगू नका.

आमच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या भुकटीच्या कणाकणात इवल्या खोल्या आहेत. वायूचे लहान रेणू आत शिरतात, एकमेकांना जोडले जातात आणि पेट्रोलसारखे पातळ होऊन बाहेर पडतात. गंमत आहे ना? काल मी आच जास्त ठेवली. आत एवढे मोठे रेणू जुळले की दारातून निघेनात, भुकटी काळीठिक्कर! मला तुमचं कपाटच आठवलं. माझ्या इथल्या खोलीसाठी घरात बसून जोडलंत आणि दारात अडलं.

आम्ही गरम हवेने काजळी जाळतो, भुकटी पुन्हा पांढरी होते. तुम्ही मात्र चौकट काढू नका. कपाट तिथेच राहू दे. कपडे घेऊन मीच येते.

तुमची धाकटी