लाल लुगड्याच्या गाठी

राजुरा
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय भाऊ,

आज कचेरीला सुट्टी. सकाळी आठला शेडमध्ये गेलो. नऊला वासुदेव मिस्त्री आला. दोघांनी तुझ्या गाडीचं बॉनेट बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. एकीकडे बोटभर फट राहते, दुसरीकडे पत्रा पत्र्याला घासतो. एक वाजता वासुदेव जेवायला गेला. मग वहिनी चहा घेऊन आली आणि तिनं एक प्रश्न विचारला. म्हणून हे पत्र लिहितो आहे. आपण जन्मभर एका घरात राहिलो, तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तसं बोलणं तरी कुठे फार होतं?

वहिनी म्हणाली, "भाऊजी, माह्या लुगड्याच्या चिंध्या कुठी गेल्या?"

"कोणत्या चिंध्या?"

"बोल्ट बांधलेल्या. लाल, हिरव्या."

मी म्हटलं, काही हात पुसायला घेतल्या, बाकीच्या चुलीत घातल्या. ती तिथंच जुन्या टायरवर बसली. "अगा माय!" एवढंच म्हणाली. चहाचा कप तिनं खाली ठेवला.

मग तिनं सांगितलं. "लाल म्हंजे समोरचं बॉनेट, हिरवं म्हंजे मागची डिक्की. काठ असन तं स्टेरिंगच्या बाजूचं, बिनकाठाचं दुसऱ्या बाजूचं. अन् गाठी मोजाच्या. एक गाठ म्हंजे पह्यला बोल्ट, दोन म्हंजे दुसरा. मीच तं फाडून देत होती त्याइले."

भाऊ, हे मला का माहीत नव्हतं?

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक येणार होते. पाहुण्यांना बसायला शेड मोकळी करायची होती. शेडमध्ये सगळीकडे चिंध्यांची गाठोडी, मला तो पसारा वाटला. दोन दिवस मी गाठी सोडत बसलो. काही सुटेनात तर दातांनी सोडल्या. बोल्ट रॉकेलनं धुतले, मापाप्रमाणे लावले, बिस्किटांच्या डब्यांत भरले आणि डब्यांवर चांगल्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. बोल्टाखाली घालायच्या पातळ पत्र्या वेगळ्या, वायसरच्या चकत्या वेगळ्या. मी कारकून माणूस, मला दुसरं काय येतं! लोक म्हणाले, आनंदबाबूनं शेड पाहा कशी केली. मलाही बरं वाटलं. खरं सांगतो, त्या दिवसांत तेवढीच एक गोष्ट नीट केल्यासारखी वाटत होती.

आता कळतं की एकेका बोल्टाबरोबर तू त्याच्या त्याच्या पत्र्या बांधून ठेवल्या होत्या. कुठे एक, कुठे तीन. त्यावर बॉनेटची फट ठरते. ते सगळं मी मोडलं. वासुदेव म्हणतो, "कोनताबी बोल्ट कुठीबी लावा ना बाबू, गाडी चालन! पन मंग कंपनी फिटिंग नोका म्हनू तिले."

आणि तुला तर कंपनी फिटिंगच पाहिजे होतं, कारखान्यातून निघाली तशीच गाडी.

साहेबांना जंगलात शिकारीला नेणारी ती शिकार कंपनी बंद झाली, साहेब लोक गेले आणि ही आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी त्यांनी तुझ्या हवाली केली, तेव्हा मी कॉलेजात होतो. तोवर तिला जीपचं कार्बोरेटर होतं, ट्रकचा भोंगा होता, दिवे कुठल्या तिसऱ्याच गाडीचे. पण ती नवी होती तेव्हा तू तिचा क्लीनर होतास, तिचं सगळं अंग तुला हातांनी ठाऊक होतं. एकेक मूळ भाग तू नागपूरच्या भंगारातून शोधून आणलास. सुरू केली की अख्ख्या मोहल्ल्यात हुंकार जायचा, म्हणून लोक तिला रेडा म्हणायचे. "मिस्त्री, रेडा उठला का?" असं रोज कोणीतरी विचारायचं.

वहिनी एकदा चिडून म्हणाली होती, "माह्यापेक्षा त्या रेड्याचे लाड जास्त!" तेव्हा तू म्हणालास, "तू कंपनी फिटिंगच हायस. तुले काय कराचं हाय?" वहिनी दिवसभर हसत होती. आठवतं?

पावसाळ्यात तू ती पूर्ण खोललीस. होळीला जोडून वहिनीला गडचांदूरपर्यंत फिरवून आणणार होतास. मग कावीळ झाली आणि बारा दिवसांत तू गेलास. त्या बारा दिवसांत मी तुझ्या खाटेजवळ रोज बसत होतो. गाठींचं एक वाक्य सांगता आलं नसतं का? की तुला वाटलं, उठून आपणच जोडू?

मी शेडमध्ये आलो की तू म्हणायचास, "तू कायले आला बे इथी? ऑफिसचा मानूस तू. हात काळे नोको करू." पाचवीत शाळा सोडून तू पाना धरलास, माझे हात पांढरे राहावेत म्हणून. मी तसे राखले. मीही कधी विचारलं नाही, भाऊ, हे काय बांधून राह्यला? आता चूक तुझी की माझी, मला सांगता येत नाही. मला तुझा राग येतो आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

वहिनी उठून गेल्यावर मी सगळे डबे पुन्हा उघडले. शेवटच्या डब्यावर मी "इतर" असं लिहिलं होतं. त्यात एक गाठोडं निघालं, लाल, काठाचं, दोन गाठींचं. दातांनीही सुटलं नव्हतं म्हणून बाजूला टाकलेलं. लाल म्हणजे समोर. काठ म्हणजे स्टिअरिंगची बाजू. दुसरा बोल्ट. तासभर लागला, पण चिंधी न फाडता सोडलं. आत एक बोल्ट आणि तीन पत्र्या.

वासुदेव अजून आलेला नव्हता. बॉनेटच्या त्या बाजूच्या बिजागरीच्या दुसऱ्या भोकावर तीन पत्र्या धरल्या आणि बोल्ट लावला. तो नुसत्या बोटांनी आत फिरत गेला, शेवटपर्यंत.

बाकीच्यांचं कसं होईल, मला कळत नाही. होळीपर्यंत तर नाहीच. पण भाऊ, वचन देतो, नवा बोल्ट लावणार नाही आणि कुठलाही बोल्ट कुठेही लावू देणार नाही. एकेक घेऊन प्रत्येक भोकात लावून पाहीन. जो बसेल त्याला चिंधी बांधीन. वहिनी हिरवं लुगडं फाडून द्यायला तयार आहे. गडचांदूरला तिला मी नेईन. गाडी चालवणं वासुदेवकडून शिकावं लागेल.

कागदावर डाग पडला आहे, तो ग्रीसचा. दोनदा साबण लावून झाला, नखांतलं काळं निघत नाही. आता रॉकेलची बाटली घेऊन हौदावर जातो.

तुझा धाकटा,
आनंद