चारीच्या वळणावरचे लाल ठिपके

८ डिसेंबर, सोमवार

दिवसभर ठिपकेच ठिपके. डोळे मिटले तरी तेच. शाळा-कॉलेजांच्या बसमध्ये आम्ही बसवलेल्या डब्या गाडी कुठं आहे, वेग किती, कुठं करकचून ब्रेक लागला, सगळं पाठवत बसतात. असा ब्रेक लागला की नकाशावर लाल ठिपका. सर पुन्हा तेच सांगून गेले, ‘लाल ठिपके जिथं दाट, तिथं अपघात होण्याआधी आपण पोचायचं, मीनल.’ हो सर. पोचतोय सर.

दुपारी ड्रायव्हरांची यादी संपवली. त्यात नावं नसतात, नुसते नंबर. ४७ नंबर सगळ्यांत वाईट. सुट्टी सोडली तर रोज दोनदा करकचून ब्रेक! शेऱ्यात लिहून टाकलं, ‘चालक निष्काळजी. गाडीवरून उतरवावे.’ पोरांची बस आहे, खेळ नाही. नकाशा उघडायचाही कंटाळा केला, यादी पाठवायची घाई होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काष्टीहून नानांचा फोन. आधी कांद्याची रोपं, मग आईचा गुडघा, मग उगीच खोकला. म्हटलं, काहीतरी आहे. शेवटी बोलले.

‘मिने, ते गाडीत डबी बसवलीया न्हाई का, तिनं माझी चुगली केली. म्यानेजर म्हनतो, एक तारखेपासून गेटवर बसा, रजिस्टर लिवा.’

विचारलं, यादीत तुमचा नंबर काय दिलाय त्यांनी?

सत्तेचाळीस.

मी ‘बघते’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. कपाळ माझं! सव्वीस वर्षं कॉलेजची बस चालवणारा माणूस. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं. माझ्या बापाला माझ्याच हातानं खाली उतरवलं, तेही नकाशा न बघता. रडू आलं. संडासात जाऊन रडले, ऑफिसात नको.

१४ डिसेंबर, रविवार

काष्टीला. जेवणं झाल्यावर ओट्यावर लॅपटॉप उघडून नानांना त्यांचेच ठिपके दाखवले. सगळे लाल एकाच जागी, कालव्याच्या चारीजवळच्या वळणावर. सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेपाचच्या पुढं. बाकी सगळा रस्ता स्वच्छ. निष्काळजी माणूस कुठंही ब्रेक मारेल, हे एकाच जागी का?

नाना म्हणाले, ‘वय झालं आता. पाय जातो आपसूक ब्रेकवर.’

आणि चष्मा पुसायला लागले. नाना खोटं बोलले की चष्मा पुसतात. लहानपणी आईला न सांगता मला बसच्या बॉनेटवर बसवून नगरला न्यायचे, तेव्हाही असंच.

शेरा मीच दिला हे सांगायचं होतं. जमलं नाही. आई मध्येच म्हणाली, ‘खा की गं, वाळलीस किती.’ म्हणून खाल्लं.

१६ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवसांची रजा टाकली. संध्याकाळी नानांच्या बसमध्ये बसले, त्यांच्या मागच्याच सीटवर. आरशात बघून म्हणाले, ‘तपासनीस आल्या का?’ म्हटलं, हो, तिकीट दाखवा. पोरी हसल्या.

चारी ओलांडली. दोन्हीकडं उभा ऊस, वळणापलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. नानांनी वेग कमी केला, दोनदा हॉर्न दिला आणि उसातून तीन पोरं भर्रकन रस्त्यावर! नानांनी करकचून ब्रेक मारला. माझं डोकं पुढच्या दांडीवर आपटलं. एक लाल ठिपका उमटला असणार.

नाना खाली उतरले, दोन्हीकडं हात आडवे करून पोरांना पलीकडं नेलं, खिशातून बिस्किटाचा पुडा काढून दिला. एक सहा-सात वर्षांची, कमरेवर कळशी, नाकात मुरणी. सोनी. ऊसतोडीच्या टोळीतली. त्यांच्या पाचटाच्या कोप्या रस्त्याच्या अलीकडं, पाण्याचा नळ पलीकडं. आईबाप अंधार असतानाच फडात जातात, पाणी ही पोरं भरतात.

दिवाळीनंतर टोळी आली त्याच आठवड्यात सोनी अचानक गाडीपुढं आली होती. नाना म्हणाले, ‘वीतभर राहिली गं. त्या दिवशी जेवन ग्येलं न्हाई.’ तेव्हापासून पोरांशी बोली केली: नानांची बस आल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. थांबलं तर बिस्किट.

मला इतका अभिमान वाटला. वेडा माणूस. मग हे म्यानेजरला का नाही सांगितलं? तर म्हणे, रस्त्यात गाडी थांबवून बिस्किटं वाटतो म्हणून ऑफिसात हसतील.

१७ डिसेंबर, बुधवार

कालचं सगळं सुंदर लिहिलंय. आज ते उलटं झालं.

सकाळी एकटीच वळणावर जाऊन उभी राहिले. नानांची बस यायला वेळ होता. मागून एक मालट्रक आला, त्यानं हॉर्न दिला. आणि सोनी पळत सुटली. कळशीसकट. मी ओरडले, कशी ओरडले मलाच माहीत. ती थबकली, ट्रक तिच्या अंगावरून वारा घालून गेला. थांबलासुद्धा नाही.

कोपीतून तिची आई धावत आली, कांता, पाथर्डीकडची. तान्हं आजारी म्हणून आज फडात गेली नव्हती. सोनीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिलाच छातीशी धरून रडली. मला म्हणाली, ‘ताई, हॉर्न वाजला की पळतेत बघा. नाना आले, बिस्किट आलं, असं वाटतंय त्यांना. कोणाची गाडी हाय ते कुठं कळतंय?’

म्हणजे नानांनीच.

संध्याकाळी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं असं वाटलं, पण सांगितलं. चष्मा पुसला नाही. म्हणाले, ‘मीच सवय लावली व्हय पोरांना.’ मी जवळ सरकून बसले. मग माझंही सांगितलं, शेरा माझाच होता म्हणून. नाना म्हणाले, ‘अक्षरावरून वळखायला पायजे हुतं,’ आणि हसले. अक्षर कसलं, कॉम्प्युटरवर होतं ते! असले आहेत ते. माझं ओझं उतरवायला काहीही बोलतात.

२० डिसेंबर, शनिवार

बोली बदलली. हॉर्न नाही, पुडा नाही. नाना बस थांबवून खाली उतरतात, सोनीचा हात धरतात, तेव्हाच पाऊल टाकायचं. सोनी रुसलीय. ‘बिस्किट न्हाई तर हात बी न्हाई,’ म्हणाली म्हणे. तिसऱ्या दिवशी मात्र हात दिला. नानांनी फोन करून सांगितलं, जणू कलेक्टरनं हस्तांदोलन केलं.

आता ऑफिसचं. खरं लिहिलं तर नानांचीच चूक कागदावर येते: चालकानं हॉर्न देऊन मुलांना रस्त्यावर यायची सवय लावली. नाही लिहिलं तर ‘निष्काळजी चालक’ म्हणून प्रकरण बंद, आणि वळण तसंच. नळ कुणी अलीकडं आणणार नाही.

नाना: ‘खरं लिव. माझं काय, गेटवर सावली हाय.’

२२ डिसेंबर, सोमवार

लिहिलं, सगळं. सरांना हेही सांगितलं की ४७ माझे वडील आहेत आणि शेरा मी नकाशा न बघता दिला होता. सर रागावतील वाटलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘आधीच सांगायचं ना गं.’ ४७चा निर्णय आता दुसरीकडं, माझ्याकडं नाही. बरोबरच आहे. नकाशा मात्र माझ्याकडंच. रस्त्याखालून पाइप टाकून नळ कोप्यांकडं न्यायचा, असा कागद पुढं गेला. ज्यांचा नळ ते शेतकरी तयार आहेत. रस्ता खोदायची परवानगी हवी.

२ जानेवारी, शुक्रवार

नाना कालपासून गेटवर. सुधारलेल्या शेऱ्याचा निर्णय ‘विचाराधीन’ आहे म्हणे. आई सांगते, पहिल्या दिवशीही ते ड्रायव्हरची खाकी घालूनच गेले. मला हे ऐकवलं नाही.

बसवर नवा ड्रायव्हर. नानांनी त्याला वळण दाखवलंय, सगळं समजावलंय. तो ‘हो काका, हो काका’ म्हणाला.

७ जानेवारी, बुधवार

नकाशा उघडला. चारीच्या वळणावर आठवड्यात एकही लाल ठिपका नाही. हो काका, हो काका! नवीन माणूस तिथून सरळ जातोय, वेग पन्नासच्या वर. आणि आमच्या धोक्याच्या जागांच्या यादीनं ते वळण स्वतःहून हिरवं केलं: ‘सुरक्षित’.

ब्रेक मारणारा गेला म्हणून धोका गेला, असं हिला वाटतं. सरांकडं धावत गेले. त्यांना लगेच पटलं, वळण यादीत परत घ्या म्हणाले. पण पाइपची परवानगी? ‘फिरतेय फाईल.’ ऊस मार्चपर्यंत उभा आहे. सोनी रोज दोनदा.

नानांना फोन केला. उचलला नाही. आईनं उचलला. ‘अगं, कालपासून ते पाचला गेट सुटलं की सायकल घेऊन जातात कुठंतरी. सकाळी पन लवकर उठून जातात. लाल टावेल नेतात. मला म्हनतात, फिरायला.’

१२ जानेवारी, सोमवार

आज मुद्दाम सकाळपासून तीच बस बघितली. सात वाजून चार मिनिटांनी चारीच्या अलीकडं वेग हळूहळू उतरला. चाळीस, वीस, शून्य. दीड मिनिट उभी. मग निघाली. संध्याकाळीही तसंच. मागच्या दुसऱ्या कॉलेजच्या बसनंही तेच केलं.

करकचून काही नाही, म्हणून डबीच्या लेखी तिथं काही घडलंच नाही. नकाशावर काही उमटलं नाही. मला मात्र गाड्यांपुढं हलणारा लाल टॉवेल दिसत होता, सोनीचा हात दिसत होता, आणि खाकी शर्ट. सगळ्यांसमोर डोळे भरून आले. आज संडासात गेले नाही.

परवानगी अजून नाही. निर्णय अजून नाही. यादीत चारीच्या वळणापुढचा शेऱ्याचा रकाना रिकामा होता. त्यात लिहिलं, ‘इथं एक माणूस उभा असतो. तो आहे तोवरच हे वळण सुरक्षित.’

सर वाचतील, विचारतील. विचारू देत. रविवारी काष्टीला जाते आहे, नानांना स्वेटर घेतलाय. सकाळी चारीवर थंडी फार असते.